सप्त्यातला मंगळवार

चिंचनाक्याचा बाजार मंगळवारचा. उन्हं डोक्यावर आली की ग्रामपंचायतीचा शिपाई आनंदा गुळाच्या गाड्यापाशी उभा राही आणि पत्र्याचा डबा बडवी. दवंडीचा ढोल उंदरांनी कुरतडला त्याला दोन पावसाळे उलटले होते. नव्या ढोलाचा विषय दर सभेत निघे आणि चहाबरोबर संपे. पण डब्यावर वाजली म्हणून बातमी काही खोटी ठरत नाही. वरच्या आळीला नळ सकाळी येणार की संध्याकाळी, विहिरीत औषध कधी टाकलंय, कुणाची काळी शेळी कोंडवाड्यात ओरडतेय, सगळी आठवड्याची खबर आनंदाच्या तोंडून पंचक्रोशीला कळे. बोईसरच्या कारखान्यांत लागलेली उत्तरेकडची पोरंसुद्धा हातातली भाजी तशीच धरून उभी राहत आणि शेजारच्याला विचारत, "क्या बोला? पानी का बोला क्या?"

खारबंदरची हंसा तामोरे मात्र मान वर न करता ऐके. तिचे हात चाललेले असत. सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधायच्या, सुकट चाळायची, माश्या हाकायच्या. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून तिची जागा होती, दोन पाट्या मावतील एवढी. आधी तिची सासू तिथे बसे. सासूच्या बैठकीनं तिथला दगड गुळगुळीत झाला होता, तो आता हंसाला मिळाला होता. डाव्या हाताला डोंगरपट्टीतली कमळी वारलीण बसे. कधी वालाच्या शेंगा, कधी कोनफळं, कधी नुसते आवळे.

त्या मंगळवारी आनंदानं डबा जरा जास्तच बडवला.

"ऐका होऽऽ! मासळीबाजारावर पत्रे पडनार! शिमिटाचे वटे होनार! पुढल्या मंगळवारी भाऊसाहेब चुन्यानं जागा आखनार होऽऽ! जी बाई माल घेऊन आपल्या जागेवर बसलेली असंल, तिचाच वटा! रिकाम्या जागेवर हक्क नाय! मागनं बोंब मारायची नाय! आनि वरच्या आळीत कुत्रं पिसाळलंय, पोरं संबाळा होऽऽ!"

मासळीवाल्या बायांत एकदम कालवा उठला. पत्रे पडणार, ओटे होणार म्हणजे पावसाळ्यात डोक्यावर घोंगतं घेऊन बसणं सुटलं, उन्हात माल करपणं सुटलं.

"बरा झाला गं बाय," कमळी म्हणाली. "तुजे वट्याच्या सावलीला मीबी बसन."

हंसाचे हात थांबले होते. हातातली जुडी अर्धी बांधलेली.

"काय झाला?"

"पुढल्या मंगळवारी आमच्या गावात सप्ता हाय," हंसा म्हणाली.

*

खारबंदरचा सप्ताह तसा जुना नव्हे. एका वर्षी वादळात होड्या सापडल्या, बायका तीन दिवस किनाऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि सगळ्या होड्या, फाटक्या शिडांनी का होईना, परत आल्या. एकही माणूस गेला नाही. त्याच वर्षीपासून गावानं मार्गशीर्षात विठ्ठलाचा सप्ताह धरला. जाणत्यांनी दिवसही समजून निवडले. समुद्राला भांग असतो, पाण्याला ओढ नसते, डोलजाळी तशीही किनाऱ्यावर वाळत पडलेली असतात, ते दिवस. त्या सात दिवसांत गावात मासळी शिजत नाही, विकली जात नाही. गावची कुठलीही बाई मासळीची पाटी डोक्यावर घेत नाही. दरवर्षी हंसाचा एक मंगळवार त्यात बुडे. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट ती त्या आठवड्याची वाट बघे. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायचं, बुवा रडवतील तिथं रडायचं, हसवतील तिथं पदर तोंडाला लावायचा. पूर्वरंगातलं तिला थोडं कळे, आख्यान मात्र घरी येऊन सगळंच्या सगळं दादूला पुन्हा सांगे. दादू तिचा नवरा. तोही कीर्तनालाच बसलेला असे, पण तिच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐके.

गावच्या बाकीच्या बायांचा माल दलालाकडे जाई, नाहीतर पालघरच्या बाजारात. चिंचनाक्यावर बसणारी खारबंदरची हंसा एकटीच. म्हणजे हे दुखणंही तिचं एकटीचंच होतं.

सप्ताह उभा राहायच्या आदल्या दिवशी तिनं वाळणीच्या मांडवावरचे बोंबील उतरवले, बारदानांत भरले, बारदानं माळ्यावर टाकली. अंगण सारवलं. मिठानं चिरलेल्या बोटांना शेण झोंबत होतं. मग ती पातळ बदलून, हात दोनदा साबणानं धुऊन चिंचनाक्याला पंचायतीत गेली. मिठागरांच्या बांधावरून चालत जायला तिला नेहमीचाच वेळ लागला, पण डोक्यावर पाटी नव्हती म्हणून मान उगाच हलकी वाटत होती.

सरपंच खंडेराव कट्ट्यावर पेपर वाचत होते. आत ग्रामसेवक भाऊसाहेब बसले होते. हंसा दारात आली तसं भाऊसाहेबांनी खिडकीचं दार थोडं जास्त उघडलं. हंसाला ते दिसलं. तिनं नकळत हात पदराखाली घेतले.

"काय गं?" खंडेराव म्हणाले.

"दादा, मंगळवारी आमचा सप्ता हाय. चुना एक मंगळवार पुढं न्या ना."

"कसा नेऊ? चुना पडला की गुरुवारी ठेकेदार खडी टाकतोय. तो एकदा दुसऱ्या कामाला लागला का पुढल्या शिमग्याला तोंड दाखवील."

"मग मी नुसती येऊन बसते. पाटी आनत नाय."

"तेच तर चालत नाही ना बाई! मागं भाजीच्या वट्यांना काय झालं? एकेकानं पाच-पाच दगड मांडले. हा माझ्या मेव्हण्याचा, हा काकूचा, हा म्हशीचा! म्हणून सभेनं ठराव केला. बाई पाहिजे आणि माल पाहिजे. तुझ्यासाठी मोडला तर उद्या सगळे दगड घेऊन येतील." खंडेरावांनी पेपराची घडी घातली. माणूस वाईट नव्हता. "तू नाही तर घरचं कुणी बसव. घरचं कुणी बसलं तरी नाव तुझंच लागेल. पण घरचंच हवं हां."

"घरची सगळी सप्त्यातच हायत, दादा."

"मग तुझ्या विठोबाला विचार," खंडेराव म्हणाले, आणि आत भाऊसाहेब हसले.

परतताना बांधावर वारा समोरून येत होता. हंसाला चालताना एकच माणूस दिसत होतं. घरचं, आणि सप्त्यात नसलेलं. तिची नणंद चंद्रकांता. तारापूरला दिलेली.

आणि तिच्याकडे जायला तर हंसाला तोंड नव्हतं.

सासू गेली त्या वर्षी चंद्रकांता बाजारात आली होती. दारोदार पाटी फिरवून तिचे गुडघे धरले होते. "वयनी, आयच्या जाग्यावर मला अर्दी जागा दे," एवढंच ती म्हणाली होती. तेव्हा हंसानं अख्ख्या बाजारादेखत तिला सुनावलं होतं, "तू दिल्या घरची बाय. तुजा या जाग्याशी काय संबंद? तुज्या सासऱ्याला सांग दगड टाकायला." बाया हसल्या होत्या. चंद्रकांता पाटी उचलून निघून गेली, ती भाऊबीजेलासुद्धा दादूला वेशीवरच्या देवळात बोलावून ओवाळी. घराची पायरी काही चढली नाही.

*

सप्ताह उभा राहिला. वीणा रात्रंदिवस खाली टेकत नाही. घरटी पहारा लावलेला असतो. दादूची पाळी रविवारी दुपारी आली. देवळात बाहेरगावचं कुणी नव्हतं, दोन म्हातारे खांबाला टेकून पेंगत होते. वीणा गळ्यात अडकवून दादू एका जागी झुलत उभा होता. पहाऱ्यावरच्या माणसानं नामाशिवाय काही बोलायचं नाही.

हंसानं हीच वेळ साधली. घरी असता तर तो उठून होडीकडे गेला असता.

"ऐकता का?" ती खांबाआडून म्हणाली.

"राम कृष्ण हरी," दादू म्हणाला. म्हणजे ऐकतोय.

"जागा जानार आपली."

"राम कृष्ण हरी." म्हणजे माहीत आहे.

"माळ्यावरचं एक बारदान घेऊन जाऊ का गुपचूप? पहाटे अंधारातच निघते. कुनाला दिसनार नाय."

"राम! कृष्ण! हरी!" दादूनं तार एवढ्या जोरात छेडली की एक म्हातारा जागा झाला, "काय झालं?" म्हणाला आणि पुन्हा पेंगला.

 हंसा पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिली.

"मग तुमच्या बहिनीला विचारू?"

 तार वाजत राहिली. मग दादू अगदी हळू, पोरीला झोपवावं तसं म्हणाला, "राम कृष्ण हरी."

"तुमाला बोलायला काय जातंय," हंसा डोळे पुसत म्हणाली. "मला जायचंय तिच्या दारात."

ती गेली नाही. दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली.

सोमवारी कमळी पळसाच्या पानांचा भारा घेऊन खारबंदरला आली. काल्याच्या जेवणाला पत्रावळी लागत, ती दरवर्षी पानं घेऊन येई. भारा ओट्यावर टाकून ती गडूभर पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "बाय, तुला सांगू का नको?"

"सांग."

"तुजी ननद आली होती शनवारी नाक्यावर. बाजार नाय, कोन नाय. तुजे जाग्यावर जाऊन उभी राहिली. दगडावर हात फिरवला. मंग गिरणीवाल्याला इचारते, भाऊसाहेब किती वाजता येनार."

हंसानं तिचा हात धरला.

"तू काय बोलली तिला?"

"मी काय बोलनार? मी लाकडाची मोळी इकत होती. ती बोलली, हंसाबाय येनार का मंगळवारी? मी बोलली, तिचा सप्ता हाय, ती कशी येनार." कमळीनं जीभ चावली. "चुकला का माजा?"

"नाय गं," हंसा म्हणाली. "तुजा काय चुकनार."

पण तिला समोरचा पळसाचा भारा दिसत नव्हता. तिला दिसत होती चंद्रकांता, चुन्याच्या रेघेच्या आत पाय दुमडून बसलेली, आणि आपण बाजाराच्या कडेला. सांगायला गेले असते तर तिनं पाय धरायला लावले असते, आणि नाही गेले तर ती जागाच घेऊन गेली. दोन्हीकडून आपणच मेलो.

संध्याकाळी कीर्तनाआधी ती नरहरीबुवांकडे गेली. बुवा वाडा तालुक्यातले, साठीचे, पोट सुटलेले. काढा पीत बसले होते. हंसानं सगळं सांगितलं. बुवांनी मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "नेम मी घातलेला नाही, तो गावानं धरलाय. मी सोडवला तर तो माझा सैलपणा झाला, तुझी सुटका नाही. आणि जागा गेली तर मला देता येणार नाही. खोटं कशाला सांगू?"

हंसा मान खाली घालून बसली.

"पण एक सांगतो. रिकाम्या हातानं बाजारात जाऊन बसायला तुला कुणाची मनाई आहे का?"

"बसून काय होनार?"

"ते मला काय माहीत? मी काय ज्योतिषी आहे?" बुवांनी काढ्याचा शेवटचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "घरात बसून जागा गेली तर जन्मभर वाटेल, गेले असते तर. समोर गेली तर निदान रडून मोकळी होशील."

*

मंगळवारी ती निघाली. डोक्यावर पाटी नव्हती, फक्त चुंबळ. तीही सवयीनं घेतली आणि अर्ध्या वाटेत कमरेला खोचली. मिठागरात कामगार फावड्यानं मिठाच्या राशी ओढत होते. एकजण ओरडला, "काय वयनी, आज बोंबील पळाले काय?" तिनं पावलं उचलली.

बाजार भरला होता. मासळीवाल्या बाया आज जरा ऐसपैस बसल्या होत्या. प्रत्येकीनं गुडघे फाकवून जागा दीड हात जास्त धरली होती. गिरणीच्या भिंतीपाशी गर्दीतून हंसाला आधी पाटी दिसली. खाडीची कोलंबी, ताजी, अजून पाणी निथळत असलेली. पाटीमागं दगडावर चंद्रकांता बसली होती. हिरवं पातळ, केसांत अबोली, कमरेत कोयती.

हंसाच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. ती सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"लाज नाय वाटली?"

चंद्रकांतानं वर बघितलं. कोलंबीवर पाणी शिंपडत राहिली. "कशाची?"

"माज्या जाग्यावर बसायची! सप्त्याचा डाव साधला! आमी देवाच्या दारात बसलो आनि तू इकडं घर फोडलंस!"

"ओरडू नको वयनी. गिऱ्हाईक जातंय."

"उठ!"

"तुज्या हातात मासळी हाय का? नाय ना? मंग मी उठली तर कोन बसनार? ही?" चंद्रकांतानं हनुवटीनं पलीकडची दाखवली. पलीकडच्या बाईनं पाटी मघाशीच वीतभर अलीकडे सरकवलेली होती. "ती सकाळपास्नं तुज्या भिंतीला चिकटलीय. मी नसती तर आतापर्यंत तुजी जागा तिच्या मांडीखाली असती."

 तेवढ्यात आनंदाचा डबा वाजला. "बाजूला व्हा होऽऽ! चुना! चुना! पातळं संबाळा!"

भाऊसाहेब पुढं, हातात टेप. मागं आनंदा, चुन्याची बादली आणि कुंचा. भाऊसाहेब एकेका बाईला नाव विचारत, आनंदा चारी बाजूंनी रेघ मारी. गिरणीपाशी आले.

"नाव?"

"हंसा दादू तामोरे," चंद्रकांता म्हणाली.

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हंसा तर ही उभी आहे. पंचायतीत आली होती. तू कोण?"

"तिची ननद. घरचीच हाय. घरचं कुनी बसलं तर चालंल असं सरपंच बोललाय, मी इचारून आली."

"सासर कुठलं तुझं?"

"तारापूर."

"मग घरची कशी?" भाऊसाहेब थकले होते, ऊन लागत होतं. "दिलेली मुलगी घरची धरली तर अख्खा तालुका घरचा होईल. आनंदा, ही जागा रिकामी धर. पुढं चल."

पलीकडच्या बाईनं पाटी उचललीसुद्धा.

बाया बघत होत्या. त्यातल्या निम्म्या त्या दिवशीही होत्या, हंसा चंद्रकांताला बोलली त्या दिवशी. त्यांना आठवत होतं. हंसाच्या कानात आपलेच शब्द वाजले.  चंद्रकांता कोलंबीकडे बघत होती, आणि तिच्या गालाचं हाड वर आलं होतं.

"घरची हाय!" हंसा ओरडली. आवाज एवढा मोठा झाला की गुळाचा गाडेवाला वळला. "भाऊसाहेब, ती घरची हाय! माज्या सासूची लेक हाय. या दगडावर तिची आय बसली, आयच्या मांडीवर ती बसली. मी तर मागनं आली. मी परक्या गावची! ती घरची नाय तर मी कोन घरची?"



"मागं तर येगळाच बोलली होतीस," बायांतली एक म्हणाली.

"चुकीचा बोलली होती," हंसा म्हणाली. "आता बरोबर बोलते. लिवा."

भाऊसाहेबांनी आनंदाकडे बघितलं. आनंदानं कुंचा आधीच बादलीत बुडवला होता.

"साहेब, खरा हाय," तो म्हणाला. "म्हातारीबरोबर ही येवढीशी येई. माज्या डब्याला खडे मारी."

"तेव्हा ढोल होता," चंद्रकांता म्हणाली. "डबा कुटं होता?"

बाया हसल्या. भाऊसाहेबही हसले, आणि हसलेला माणूस मग वाद घालत नाही. टेप सुटली. आनंदा वाकला. कुंचा भिंतीपासून निघून दगडाला वळसा घालून पुन्हा भिंतीला लागला. ओला चुना उन्हात पांढरा होत गेला.

भाऊसाहेब पुढं गेले. हंसा रेघेच्या आत, भिंतीला टेकून खाली बसली.

"तारापूरवरनं सांगावा तरी धाडायचा," ती म्हणाली.

"धाडला असता तर तू नको बोलली असती."

हंसानं विचार केला. "बोलली असती," तिनं कबूल केलं.

"आनि फुकट नाय आली मी," चंद्रकांता म्हणाली. "वटा झाला का अर्द्यावर मी बसनार. दर मंगळवारी. तू आता सगळ्यांदेखत घरची बोललीस. फिरवायचा नाय."

"भिंतीकडली बाजू कोन घेनार?"

"तुजी कंबर दुकते. तू घे."

 हंसानं पाटीकडे हात नेला, कोलंबीवर माशी बसली होती.

"हात लावू नको!" चंद्रकांतानं तिच्या मनगटावर चापट मारली. "सप्ता हाय ना तुजा? गप बस. पान खा."

कमळीनं आपल्या टोपलीतला मूठभर आवळे हंसाच्या ओटीत टाकले. मग दुपारभर हंसा आवळे चघळत बसली, आणि नणंद विकत राहिली. एक कारखान्यातला पोऱ्या आला, "दीदी, झींगा ताजा है?" म्हणाला. चंद्रकांता म्हणाली, "तेरे से भी ताजा." हंसा इतकी हसली की तिला ठसका लागला.

*

संध्याकाळी चंद्रकांता खारबंदरला आली. वेशीबाहेरच्या तळ्यावर तिनं पाटी घासली, कोयती घासली, हातपाय राखेनं चोळले, पाटी तिथंच करंजाखाली पालथी घातली आणि घराची पायरी चढली. दादू अंगणात दोर वळत होता. त्यानं बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि दोराचं टोक दातात धरून मान खाली घातली. बराच वेळ ते टोक त्याच्या दातातच राहिलं.

"दादूस, चा नाय का घरात?" चंद्रकांता म्हणाली.

दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. हंसानं पहिल्या रांगेत नणंदेला शेजारी बसवून घेतलं. नरहरीबुवांनी हंसाला पाहिलं, तिच्या शेजारच्या बाईला पाहिलं, आणि भुवई किंचित उचलून नमनाला लागले. त्या दिवशीचं आख्यान सुदाम्याचं होतं. हंसाचं सगळ्यात आवडतं. पोहे सोडायच्या जागी तर ती दरवर्षी पदर ओला करी.

पण पूर्वरंग संपतो न संपतो तोच तिच्या खांद्यावर भार आला. चंद्रकांता झोपली होती. पहाटे खाडीत उतरून कोलंबी धरलेली, तारापुराहून डोक्यावर पाटी घेऊन चाललेली, दुपारभर उन्हात बसलेली. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि केसांतली अबोली हंसाच्या गळ्याशी आली होती.

सुदामा द्वारकेला निघाला, पोचला, राणी हसली, पोहे सुटले. हंसाच्या कानावर नुसता बुवांचा आवाज पडत राहिला, त्यातलं आख्यान काही तिच्यापर्यंत आलं नाही. हा खांदा हलता कामा नये, एवढंच तिच्या ध्यानात होतं. मुंग्या आल्या, मग बधिर झाला. ती हलली नाही. मनात एवढी शांतता होती की तीच तिला कीर्तनासारखी वाटत होती.

शेवटी बुवांनी टाळ थांबवले. "म्हणा," ते म्हणाले, "दोन्ही हात वर करून म्हणा!" आणि सगळ्या मांडवानं हात उचलून विठ्ठलाचा गजर केला.

हंसानं एकच हात वर केला.